बंद घर



प्रवासाला निघताना आपण घर 'बंद' करतो. म्हणजे नेमके काय करतो? माझी आजी दिवा मालवी, चूल विझवी, दार लावी, कडी घाली. आज आपण दिवा बंद करतो, गॅस बंद करतो, नळ बंद करतो आणि घरही बंद करतो. एकाच शब्दाने सारी कामे भागू लागली, की त्या कामांतला फरक नजरेआड होण्याचा संभव असतो. हे मी वर्गात अनेकदा सांगत आलो होतो. मला स्वतःला ते कळले मात्र 2014 च्या जानेवारीत, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात.

अध्यापनाच्या निमित्ताने त्या वर्षी मी मिनीअ‍ॅपोलिस शहरात भाड्याच्या एका लहानशा घरात एकटा राहत होतो. घर विजेच्या हीटरवर तापे आणि थंडीतले पहिलेच बिल पाहून माझा मध्यमवर्गीय जीव हळहळला होता. नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीला चुलतभावाकडे जायचे ठरले, तेव्हा जळगावात लहानपणापासून जे केले तेच येथेही केले. दिवे बंद, हीटर बंद. रिकाम्या घराला ऊब कशाला? नळ घट्ट पिळले, कुलूप लावले आणि वीज वाचवल्याच्या समाधानात निघालो.

त्या सुट्टीत उत्तर ध्रुवाकडची थंड हवा दक्षिणेकडे उतरली. 6 जानेवारीला थंडीमुळे मिनेसोटातील सरकारी शाळांना सुट्टी द्यावी लागली. शहरातला पारा उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला होता. मी परतलो तेव्हा घरातली हवा बोचत होती. हीटर लावले. स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर थेंबही आला नाही. 'पाणी गेले असेल, येईल सकाळी', असे म्हणून मी झोपलो. सवयी आपल्याला किती दूरवर सोबत करतात, पाहा!

पहाटे पाण्याच्या आवाजाने जाग आली. ओट्यामागच्या भिंतीतून पाणी उसळत होते आणि फळ्यांच्या फटींतून तळघरात उतरत होते. ते कोठून थांबवायचे, हेच मला ठाऊक नव्हते. शेजारच्या वृद्ध बाई कोट चढवून आल्या, थेट तळघराच्या रस्त्याकडील भिंतीपाशी गेल्या आणि मुख्य व्हॉल्व्ह फिरवला. तोवर माझ्या टेबलाखालच्या खोक्यात पाणी शिरले होते. त्यात अहिराणी बोलीच्या नोंदींच्या पाच वह्या होत्या. दोन वह्यांतली शाई पूर्ण पसरली. त्यांतले शब्द धुळे जिल्ह्यातल्या ज्या आजींनी मला सांगितले होते, त्या आधीच निवर्तल्या होत्या. पुन्हा विचारायला कोणी उरले नव्हते.

प्लंबरने भिंत उघडून मला चिरलेला पाइप दाखवला. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते. बर्फ वाढत जातो, तसा तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब येतो आणि पाइप फुटतो. बर्फ असेपर्यंत तोच बुचासारखा बसून राहतो. घर तापले की वाट मोकळी होते. म्हणजे नळ पिळून मी दाब कोंडला, हीटर बंद करून बर्फ घडवला आणि परतल्यावर हीटर लावून पूर आणला. बंद करायला हवा होता तो मुख्य व्हॉल्व्ह. तेवढाच मी उघडा ठेवला होता.

शेजारच्या बाईंच्या भाषेत या तयारीला 'विंटराइज' असे स्वतंत्र क्रियापद आहे. त्यांनी दोन मार्ग सांगितले. थोड्या दिवसांसाठी जायचे असेल, तर थर्मोस्टॅट 13 अंश सेल्सिअसवर ठेवावा, मुख्य व्हॉल्व्ह फिरवावा, नळ सोडून दाब मोकळा करावा आणि ओट्याखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतली ऊब पाइपांपर्यंत पोहोचते. यातही वीज वाचते. घरातली उष्णता आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात निसटते. बाहेर उणे 10 आणि आत 20 अंश असेल, तर फरक 30 चा. आत 13 ठेवले तर 23 चा. म्हणजे गरज जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटली. याहून खाली मात्र उतरू नये, कारण थर्मोस्टॅट खोलीतली हवा मोजतो आणि भिंतीतला पाइप तिच्याहून थंड असतो.

महिनोन्‌महिने जायचे असेल, तर पाणीच काढून टाकावे. मुख्य व्हॉल्व्ह फिरवून आधी गीझरची वीज तोडावी, कारण रिकाम्या टाकीत कॉइल जळते. मग टाकी, पाइप आणि संडासाची टाकी रिकामी करावी. मोरीखालच्या बाकदार नळीत पाणी उरतेच. तेथे पाइपांसाठी मिळणारे बिनविषारी अँटीफ्रीज ओतावे. त्यानंतर हीटर पूर्ण बंद ठेवता येतो. पाणीच नाही, तर गोठणार काय?

मार्चमध्ये मी पुन्हा आठवडाभर बाहेरगावी गेलो. त्या वेळी व्हॉल्व्ह फिरवला, नळ सोडले, कपाटे उघडली, ऊब उतरवली आणि वह्या माडीवर नेल्या. परतलो तेव्हा घर कोरडे होते. काटकसर चुकीची नव्हतीच. विजेचा कोणता भाग माझ्यासाठी खर्च होत होता आणि कोणता घरासाठी, हे मी पाहिले नव्हते. त्या दोन वह्या आजही माझ्याजवळ आहेत. डागांतून अधूनमधून एखादे क्रियापद वाचता येते.

तुमच्या गावी नळ गोठणार नाहीत. तरीही पुढच्या वेळी घराबाहेर पडताना आपण काय काय करतो, ते 'बंद' हा शब्द न वापरता वहीत लिहून पाहा. प्रत्येक कामाला त्याचे क्रियापद सापडते का, आणि ते शोधताना एखादे विसरलेले काम आठवते का, याची नोंद करा.