म्हणजे कंपाउंडर ना?

बरेच दिवस इथे फिरकले नाही. कारण सांगते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे! इथे न्यू जर्सीत एका कम्युनिटी कॉलेजात 'मेडिकल असिस्टंट'चा अभ्यासक्रम करते आहे. वर्ग संपले, आता एका दवाखान्यात १६० तासांचं बिनपगारी काम चालू आहे. ते झालं की परीक्षा.

फोनवर हे सांगितलं की ठरलेले प्रश्न येतात. "म्हणजे नर्स?" नाही. "मग लॅबवाली?" तेही नाही. मामाने तर थेट आनंदीबाई जोशींपर्यंत मजल मारली. त्या १८८६ साली शेजारच्याच पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या होत्या ना! शेवटी सांगलीच्या काकूने सोक्षमोक्ष लावला. "म्हणजे कंपाउंडर ना गं?"

खरं सांगायचं तर जरा लागलं. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी बँकेत नोकरी केलेली मी, आणि कंपाउंडर? पण दोन दिवसांनी वाटलं, काकूइतकं नेमकं कुणालाच सांगता आलं नसतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचे कंपाउंडर केसपेपर काढायचे, बाटलीत लाल औषध भरून तिच्यावर डोसाची कागदी पट्टी चिकटवायचे, इंजेक्शनच्या वेळी रडणाऱ्या पोराचा दंड धरायचे. अर्धं काम काउंटरवर, अर्धं पडद्यामागे. आमचंही तसंच आहे. बाहेर अपॉइंटमेंट आणि विम्याची कागदपत्रं. आत वजन, ताप, रक्तदाब, ईसीजी, रक्त काढणं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन. यातलं काय करता येतं आणि काय नाही, हे इथे राज्यागणिक बदलतं.

रक्तदाब मोजणं म्हणजे पट्टा बांधायचा आणि आकडा वाचायचा, असं मला वाटायचं. तसं नाही हो! माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नाहीत. दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा. पट्टा लहान पडला तर आकडा उगीचच जास्त येतो. आणि मोजताना बोलायचं नाही. आपल्या माणसांना यातलं हे शेवटचंच सगळ्यात जड जातं :)

रक्ताच्या नळ्यांचं तर वेगळंच प्रकरण. टोपणांचे रंग आणि त्यांचा क्रम पाठ करावा लागतो. आधी फिकट निळी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, जांभळी, शेवटी करडी. मी नवरात्रातल्या साड्यांच्या रंगांसारखा तो घोकला. पण क्रम का, हे कळल्यावर घोकायची गरजच उरली नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्यात पोटॅशियम असतं. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला, तर धडधाकट माणसाचं पोटॅशियम वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम कमी. सुईचं काम निर्दोष, रुग्ण निर्दोष, आणि रिपोर्ट खोटा!

रुग्णाला "तुम्हीच अमुक अमुक ना?" असंही विचारायचं नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची.

हे सगळं सरावाने जमतं. जमायला सगळ्यात कठीण धडा वेगळाच आहे. आम्ही मोजायचं, लिहायचं, पण त्याचा अर्थ सांगायचा नाही. निदान डॉक्टरांचं, सल्लाही डॉक्टरांचा. "काही नाही हो, ठीक आहे सगळं," हेसुद्धा म्हणायचं नाही, कारण तेही एक निदानच.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) नातवंडासाठी सहा महिने आलेल्या. माझं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला. रक्तदाब १६८ वर ९४. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला, जवळपास तेवढाच. "बरं आहे ना गं, बाळ?" त्यांनी विचारलं. इतक्या लांब कुणी मराठीत असं विचारल्यावर "हो आजी" तोंडावर येतंच. मी म्हटलं, "डॉक्टर येताहेत, ते सांगतील."

मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला. तेवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, "गोळ्या एकाड एक दिवस घेते. तिकडून आणलेल्या संपत आल्यात. इथे डॉक्टर किती महाग... त्याला नको सांगूस."

क्षणभर काही सुचेना. एखाद्या नातलगाने असं सांगितलं असतं तर मी मुलाला बाजूला घेऊन सांगितलंही असतं. इथे तसं करता येत नाही. रुग्णाची गोष्ट रुग्णाची, हे १९९६च्या हिपा कायद्याने बांधलेलं आहे. पण डॉक्टरांपासून ती लपवून ठेवणंही शक्य नव्हतं. नाहीतर गोळी लागू पडत नाही असं समजून त्यांनी डोस वाढवला असता. मी म्हटलं, "आजी, मुलाला मी काही सांगणार नाही. पण डॉक्टरांना सांगावं लागेल."

आजी गप्प झाल्या. त्यांचे शब्द होते तसे नोंदवले, आणि डॉक्टर आत जायच्या आधी त्यांना सांगितलं. मराठी येतं म्हणून मी दुभाषी होऊ शकत नाही, त्याला वेगळी पात्रता लागते. डॉक्टरांनी फोनवरचा दुभाषी मागवला आणि सगळं आजींना स्वतः विचारलं. पुढे काय ठरलं ते इथे लिहायचं नाही. जाताना आजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. रागावल्या असतील. त्यांच्या जागी मीही रागावले असते.

तो राग सहन करणंही याच कामात येतं, हे पुस्तकात नव्हतं. तरी एकूण बरं वाटतंय. घरात बसून जी भीती वाटायची, आपल्याला आता काही नवं येणारच नाही, ती गेली.

परीक्षेत २०० प्रश्न, ४०-४० मिनिटांचे चार भाग. सध्या स्वयंपाकघरात फोडणी देतादेता शिरांची नावं म्हणत असते. लेक हसते, पण उजळणीही तीच घेते. आता पुढचं परीक्षा झाल्यावर!