करडईची विरळणी आणि आखाड्यावरचं मीठ



काल करडईची विरळणी सुरू केली. शाळूच्या सहा ओळी, करडईच्या तीन, असं २० गुंठ्यांत यंदा पेरलंय. पेरून २२ दिवस झालेत. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीची उपटायची. उपटलेली बांधावर फेकायची नाहीत, घरी न्यायची, भाजीला. एवढी साधी गोष्ट मी १२-१३ वर्षं विसरून गेलो होतो, कारण तेवढ्या वर्षांत आमच्या रानात करडईच नव्हती. सोयाबीन निघालं की हरभरा, हरभरा निघाला की परत सोयाबीन. आमच्या लातूर भागात बहुतेकांचं असंच झालंय. करडई सोडली ती काट्यापायी. काढणीला पहाटे दहिवर असताना, हाताला फडकी गुंडाळून उतरावं लागतं. ऊन चढलं की काटा असा कडक होतो की बैल वाट सोडून जातो. गडी म्हणतो, दुसरं काय काम असलं तर सांगा.

परवा पाणंदीनं जाणाऱ्या एकानं विचारलं, "आता म्हातारपणी करडईचं खूळ कुठून काढलं?" त्याला हसून सोडलं. इथं मात्र खरं लिहितो.

गेल्या फाल्गुनात हरभऱ्याची रास करताना छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, अंगाला दरदरून घाम. मी म्हणलं पित्त झालं. सोडा प्यालो, लिंबाखाली पडलो. यात दोन तास घालवले. माझ्या वयाच्या माणसांना सांगतो, हे दोन तास घालवू नका. छाती दाबल्यासारखी होऊन घाम फुटला तर पित्त ठरवायचं काम आपलं नाही. पोरानं गाडीत घालून लातूरला नेलं. एक नस बंद होती, तिथं स्टेंट बसवला. चौथ्या दिवशी घरी.

सुट्टीच्या दिवशी तिथल्या आहाराच्या मॅडमनी आमच्या कारभारणीला पहिला प्रश्न केला, "महिन्याला तेल किती लागतं?" तिनं सांगितलं, १५ किलोचा डबा दोन महिने जातो. घरात आम्ही सहा जण. मी, कारभारीण, माय, पोरगा, सूनबाई आणि चार वर्षांची नात. मॅडमनी कागदावर भागाकार केला, माणशी महिन्याला सव्वा किलो. म्हणाल्या, अर्धा लिटरवर आणा. मग मिठाचं. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, चहाबरोबरची खारी सगळं आलं. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझं तर निम्मं मीठ सकाळच्या ठेच्यातच जात होतं.

घरी आल्यावर काय झालं असेल ते ओळखा. कारभारणीनं दोन चुली केल्यासारखं केलं. सगळ्यांचं नेहमीसारखं, माझं वेगळं. वेगळं म्हणजे काय, तीच भाजी बिनतेलाची, बिनमिठाची, पाण्यात उकडलेली. दुधी, दोडका, परत दुधी. शेजारच्या ताटात वांग्याचं कालवण, वर तेलाचा तवंग, आणि माझ्या ताटात तो पांढरा दुधी. मी ताट सरकवायचो. ती काही बोलायची नाही, दुसऱ्या दिवशी परत तेच. चैत्र, वैशाख असाच गेला. वजन चार किलो उतरलं, पण ते पथ्यानं नव्हे, रुसव्यानं.

आणि मग मी चोरी केली. सोयाबीनची पेरणी झाल्यावर दिवसभर रानात असायचो. बियाणाच्या रिकाम्या पिशवीत खडेमीठ बांधून आखाड्यावर आढ्याला खोचून ठेवलं. भाकरीवर कांदा फोडायचा, मिरची ठेचायची, वर चिमूट. एक चिमूट पुरत नाही, मग दुसरी. गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनी दोनदा बीपी मोजलं, दोन्ही वेळा वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, पथ्य नीट आहे ना? मी म्हणलं, एकदम. त्यांनी गोळी वाढवली. मी वाढवलेली गोळी घ्यायचो आणि रानात जाऊन मीठ खायचो. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं, एवढंच तर आहे आयुष्यात.

आषाढात खुरपणीला कारभारीण आली होती. काडीपेटी शोधताना तिच्या हाताला पिशवी लागली. तिनं गाठ सोडली, जिभेला लावून बघितलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

मी गप्प.

"त्या दिवशी गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लातूर येईपर्यंत मी तुमचा श्वास मोजत होते." एवढंच बोलली. पिशवीची परत गाठ मारली, होती तिथं खोचली. "उद्यापासून तुमचं तुम्ही करून खा. मला दोन-दोन रांधणं होत नाही."

तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढं मी. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यात चहापलीकडं काही केलेलं नाही. पहिल्या दिवशी तांदुळजा करायला घेतला. चिरला, कढईत टाकला, अर्धा चमचा मीठ टाकलं. कढई शिगोशीग भरलेली दिसत होती. शिजून भाजी मूठभर उरली, आणि खारट! मीच खाऊ शकलो नाही. माय ओट्यावर बसून बघत होती. ती ८० च्या पुढं आहे. म्हणाली, "लेकरा, पाला शिजून बसू दे की आधी. मीठ मागून घालावं. कढई बघून घालशील तर असंच हुईल."

माझी शिकवणी तिथून सुरू झाली. मायनं संसार केला तेव्हा घरात तेल पावशेरानं यायचं. बहात्तरच्या दुष्काळात तर मिलोच्या भाकरीबरोबर तोंडी लावायलाच नसायचं. "तेल कुठं व्हतं रं तवा? कढईला बोट पुसलं की झाली फोडणी." तिला कुणी आहारशास्त्र शिकवलेलं नाही, पण तेल कमी असताना जिभेला कसं फसवायचं हे तिला सगळं ठाऊक. लसूण चिरायचा नाही, ठेचायचा. जिरं कोरडं भाजून मग कुटायचं. डाळीला आंबट लागतं, चिंच, नाहीतर चुका, नाहीतर उतरवल्यावर लिंबू. आंबट नीट पडलं की मिठाची आठवण येत नाही, हे मला पन्नाशीत कळलं. वांगं तेलात न तळता तुराट्याच्या आरावर भाजायचं. कांदासुद्धा तिथंच खुपसायचा.

ताकात मीठ बंद केलं, भाजलेलं जिरं घालतो. भाकरीत आमच्याकडं मीठ घालतच नाहीत, तेलही लागत नाही, त्यामुळं ज्वारीकडं परत आलो तिथंच बराच हिशोब बसला. ठेचा मात्र सोडला नाही. मिरच्या तव्यावर कोरड्या भाजून, लसूण जास्त, भाजलेले शेंगदाणे, लिंबू आणि मीठ नखभर. जवसाची चटणी रोज असते. जवस भाजताना वर झाकण धरा, तडतडून अर्धा बाहेर येतो. आणि बारीक कुटा, अख्खा खाल्ला तर तसाच जातो पोटातून.

श्रावणात डॉक्टरांकडं गेलो तेव्हा खरं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्यासारखे रोज चार येतात. पण सांगणारे कमी." मी कमी सोडियमच्या पाकिटातल्या मिठाचं विचारलं. ते म्हणाले, त्यात पोटॅशियम असतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांना ते बाधतं. विचारल्याशिवाय आणू नका. हे बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून इथं लिहिलं.

आता घरात एकच चूल आहे. सकाळी कटिंग चहाचा छोटा ग्लास तेलानं भरायचा, साधारण १०० मिली. सहा जणांचा दिवसभराचा स्वयंपाक त्यात. संपलं की संपलं. पहिल्या महिन्यात पोरगा कुरकुरला, बाहेर जाऊन भजी खाऊन यायचा. त्याला मी काय बोलणार? माझी पिशवी आढ्याला होती. पण हळूहळू सूनबाईनंच फरसाण आणायचं थांबवलं. सणाला तळण होतं, पोळीवर तूप पडतं, मी अर्धी खातो. मीठ सहा जणांना महिन्याला किलोच्या आत आलंय. पूर्वी दोन किलो लागायचं, लोणच्याचं वेगळं.

आता करडईचं. ग्लास लहान झाला तर ग्लासातलं तेल तरी आपल्या रानातलं असावं, असं कारभारीण म्हणाली. मला काट्यांची आठवण झाली, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. करडईच्या तेलात चरबी वाढवणारा भाग कमी असतो, शेंगदाण्याहूनही कमी. तालुक्याला लाकडी घाणा आहे, रास झाली की तिथं नेऊ. पण मोबाईलवर फिरतं ना, की हे तेल प्या, नसांतली चरबी विरघळते, तसलं काही नसतं. तेल कसलंही असो, ग्लास तेवढाच. माझ्या गोळ्या रोज चालू आहेत, एकही बंद केलेली नाही.

काल संध्याकाळी दोन पेंढ्या घरी आणल्या. मुळं तोडली, तीन पाण्यातून माती काढली, बारीक चिरली. अर्धी वाटी मुगाची डाळ तासभर भिजवलेली. लोखंडी कढईत दोन चहाचे चमचे तेल, १२ पाकळ्या ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत, दोन हिरव्या मिरच्या, डाळ, मग पाला. वर ताट, ताटात पाणी. भाजी आपल्याच ओलाव्यात शिजते. बसली की मूठभर शेंगदाण्याचं कूट, आणि शेवटी मीठ. करडईला स्वतःचा एक उग्र वास असतो, काहींना आवडत नाही. नातीनं नाक मुरडलं. मायनं दोनदा मागून घेतली.

कारभारणीनं घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

पाच महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकदम हसलो.

पुढं वेळ अमावस्या येतेय. भज्जीला आमच्याकडं ४०-५० माणूस असतं. सोले, हरभरा, वालाच्या शेंगा, गाजर, चुका, चिंचेचा कोळ, बेसन, तिच्यात तेल तसंही थोडंच लागतं. मिठाचं काय करायचं यावर घरात वाद चालू आहे. मायचं म्हणणं, पाहुण्यांना अळणी वाढू नये. कारभारीण म्हणते, पातेल्यात कमी घालू, ज्याला पाहिजे त्यानं वरून घ्यावं. आंबील माझ्याकडं दिलीय.

करडईच्या पाच-सहा ओळी अजून विरळायच्या राहिल्यात. काटा धरायच्या आत, आठवडाभर पाला कोवळा मिळेल. शेजारपाजारच्यांनी पिशवी घेऊन या. सकाळी ९ पर्यंत मी रानातच असतो.