मलाक्क्याचा कबाया

क्वालालंपूरहून बसने दोन-अडीच तासांत मलाक्का. नदीवरचा पूल ओलांडला की जोंकर स्ट्रीटची झुंबड लागते. तिला बगल देऊन मी शेजारच्या, पूर्वीच्या हीरेन स्ट्रीटवर वळले. दर्शनी बाजूला अरुंद, पण आत लांबच लांब गेलेली इथली घरं बाबा-न्योन्यांची, म्हणजे मलय संसारात मुरलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या वंशजांची. न्योन्या म्हणजे त्यांच्या घरच्या बायका, आणि मला पाहायचा होता त्यांचा कबाया.

एका दुकानात बाईंनी फिकट गुलाबी कबाया काउंटरवर पसरला. झिरझिरीत व्हॉइल, गळ्यापासून खालच्या काठापर्यंत गुलाबांचं भरतकाम. पुढून उघडा, पण बटण एकही नाही. तो तीन ब्रोचांनी बंद करायचा. त्यांना केरोसांग म्हणतात. खाली बाटिकचा सारोंग.

भरतकाम मशीनवरचं आहे म्हणून त्याला कमी लेखणं मला अन्यायाचं वाटतं. पायमशीनचा कापड दाबणारा भाग काढून टाकतात, कापड गोल रिंगमध्ये ताणतात आणि ती रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवतात. सुई नुसती वरखाली होते. पाकळी वळते ती हाताने. फुलांमधलं कापड कातरून जाळी काढतात. काठाला बारीक कमानी भरून त्यांच्या बाहेरचं कापड टाक्यांच्या अगदी लगत कापतात. तिथे कात्री किंचित सरकली तरी सगळी मेहनत वाया.

एकोणिसाव्या शतकातल्या न्योन्या गुडघ्याखाली येणारा सैल बाजू पांजांग घालत. आखूड कबाया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. आधी त्याला युरोपी लेस लावत. मग शिवणयंत्रं घरोघरी आली आणि लेसच्या जागी भरतकाम आलं.

हे बंदरच सरमिसळीचं. इथे गुजरात आणि कोरोमंडलचं कापड देऊन मसाले घेतले जात. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कने 1511 मध्ये हेही जिंकलं आणि मलाक्क्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत गेला. टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चच्या पडक्या भिंतींत फ्रान्सिस झेवियर यांची रिकामी कबर पाहिली. त्यांचा देह गोव्याला नेण्याआधी काही महिने इथेच होता. 1641 मध्ये डच आले, पुढे इंग्रज.

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने कबायाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांच्या एकत्रित अर्जावर. फार योग्य झालं. एकट्या कुणाचा तो कधी नव्हताच.

निघण्यापूर्वी बाईंनी कबाया उलटा करून दाखवला. चांगलं काम ओळखायचं तर आधी मागची बाजू बघायची, असं त्यांनी सांगितलं. सुटा दोरा नाही, गाठ नाही. गुलाब तिथेही तितकाच रेखीव होता.