झाडांची हजेरी



मुंबईत भायखळ्याला राणीबाग आहे. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. जे गेले नाहीत त्यांनी निदान नाव तरी ऐकलं असेलच. तर मला पटकन सांगा, राणीबाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वाघ? मगर? पेंग्विन? आता ज्यांच्या डोळ्यांसमोर एखादं झाड आलं, त्यांनी हात वर करा बघू!

नाही ना झाला एकही हात वर? लाजू नका. माझ्या चौथीच्या वर्गातही झाला नव्हता. म्हणूनच यंदा गुढीपाडवा झाल्यावर आम्ही सगळे राणीबागेत गेलो, ते खास झाडांना भेटायला. पण त्याचं खरं कारण वेगळंच आहे. ते आधी सांगते.

आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर एक मोठं झाड होतं. शाळा सुटल्यावर मुलं त्याच्या सावलीत उभी राहून रिक्षाची वाट बघायची. एके दिवशी सकाळी येऊन बघतो तर झाड नाही! जमिनीलगत नुसता ओला बुंधा उरलेला. मुलं अगदी हिरमुसली. मी म्हटलं, "चला, आज आपण त्या झाडावर निबंध लिहू." फळ्यावर नाव लिहायला खडू उचलला आणि तशीच थांबले. "मुलांनो, ते झाड कोणतं होतं रे?"

कुणी म्हणालं चिंच, कुणी म्हणालं गुलमोहर. खात्रीने मात्र एकालाही सांगता येईना. आणि खरं सांगू? मलाही सांगता आलं नाही. सहा वर्षं मी रोज त्याच झाडाखालून शाळेत येत होते!

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्याच्यावर कागद लावला होता. त्याच्यात लिहिलं असेल नाव."

तो कागद म्हणजे नोटीस. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांच्या रक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते, तशी नोटीस झाडावर लावावी लागते आणि कुणाची हरकत असेल तर ती कळवता येते. म्हणजे कागद होता, वाचायची मुभा होती, हरकत घ्यायचीही होती. आम्ही कुणीच तो वाचला नव्हता. मीसुद्धा नाही. त्या दिवशी निबंध काही झाला नाही.

तेव्हाच मनाशी ठरवलं, आता झाडांची ओळख करून घ्यायची. आणि मुंबईत झाडांची मोठी शाळा कुठे भरते, तर राणीबागेत!

या बागेचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तिचं नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स. इंग्लंडच्या राणीच्या नावाची बाग, म्हणून लोक तिला राणीबाग म्हणू लागले आणि तेच नाव तोंडी बसलं. गंमत म्हणजे ही मुळात वनस्पतींची बाग. देशोदेशीची झाडं इथे आणून लावायची, ती आपल्या हवेत रुजतात का ते बघायचं, त्यांचा अभ्यास करायचा, यासाठी ती तयार झाली. प्राणिसंग्रहालय पुढे १८९० च्या सुमारास आलं. म्हणजे या घरात झाडं यजमान आणि वाघोबा पाहुणे! आज पन्नास एकरांहून मोठ्या या जागेत अडीचशेहून अधिक जातींची झाडं आहेत.

थंडी सरत आली की इथे गडबड सुरू होते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत महानगरपालिका दरवर्षी फुलझाडांचं, फळझाडांचं, भाज्यांचं मोठं प्रदर्शन भरवते. फुलं रचून केलेल्या आकृती बघायला ही गर्दी उसळते! त्याला जोडून उद्यानविद्येचे वर्गही होतात. माती कशी तयार करायची, रोपाला पाणी किती घालायचं, हे तिथे मोठी माणसंसुद्धा शाळकरी मुलांसारखी वही घेऊन शिकतात. शिवाय काही वृक्षप्रेमी मंडळी बागेत झाडांच्या फेऱ्या काढतात. एक जाणकार पुढे, बाकीचे मागे, आणि प्रत्येक झाडापाशी थांबून गप्पा. अशा फेरीला मी आधी स्वतः जाऊन आले. बाईंनाही अभ्यास करावा लागतो, बरं का!

तर एका सकाळी आम्ही भायखळा स्टेशनवर उतरलो आणि पूर्वेच्या बाजूने रांगेत चालत बागेत पोचलो. आत शिरता शिरताच मागून प्रश्न आला, "बाई, पेंग्विन कधी?"

"शेवटी," मी म्हटलं. "आधी तीन नियम ऐका. झाडाचं काहीही तोडायचं नाही, खाली पडलेलं उचललं तर चालेल. पाटीवरचं नाव आधी वाचायचं नाही, आधी झाड बघायचं. आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं."

पहिली भेट सीतेच्या अशोकाची. झाड फार उंच नाही, पण फांद्यांवर केशरी फुलांचे झुबकेच झुबके. एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, हा अशोक नाहीच! आमच्या सोसायटीत आहे ना, तो अशोक उंच आणि सरळ असतो." शाबास! हाच प्रश्न मला हवा होता. सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच, सरळसोट असतो तो खोटा अशोक. रामायणातल्या अशोकवनाचं नाव सांगणारा खरा अशोक हा. मग आम्ही खाली पडलेलं एक फूल उचललं आणि पाकळ्या मोजायला बसलो. तर काय, याला पाकळ्याच नाहीत! आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती असतात रंगीत निदलं. फूल आधी पिवळसर असतं, मग केशरी होतं, मग लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसले, तेव्हा कुठलं फूल ताजं आणि कुठलं शिळं हे मुलांनीच मला सांगितलं.

पुढे भेटली उर्वशी. नावासारखीच देखणी! लांब देठांवर खाली लोंबणारी लालभडक फुलं, आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं, म्हणजे आजच्या म्यानमारमधलं. तिथल्या रानातही ते आता फार क्वचित सापडतं. याला बी सहसा धरत नाही, म्हणून गुटी बांधून नवीन रोप तयार करावं लागतं. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस. इंग्रज गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नीच्या आणि मुलीच्या नावावरून ते ठेवलं गेलं. पण मुलांना सगळ्यात आवडली ती उर्वशीची कोवळी पानं. तांबूस रंगाची आणि ओल्या रुमालासारखी लुळी लोंबणारी. "बाई, झाड आजारी आहे का?" असं एकीने काळजीने विचारलं. नाही ग! ती नुकती जन्मलेली आहेत. थोड्या दिवसांत ताठ होतील, हिरवी होतील. तुमच्या घराजवळ आंबा किंवा पिंपळ असेल तर चैत्रात त्याची पालवी बघा. तीही तांबूसच असते. कोवळ्या पानांत हिरवा रंग अजून भरलेला नसतो, आणि त्यांतला लाल रंग उन्हापासून त्यांचं रक्षण करतो. झाडाने बाळाच्या डोक्यावर टोपी घालावी तसंच नाही का हे?

कैलासपतीपाशी तर नुसता आरडाओरडा झाला. फुलं फांदीच्या टोकाला येतात असंच आपण चित्रात काढतो ना? इथे ती थेट खोडातून निघालेल्या जाड डहाळ्यांवर येतात! फुलाच्या आत पिंडी असावी आणि तिच्यावर नागाने फणा धरावा असा आकार दिसतो, म्हणून हे नाव. झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फळं तोफेच्या गोळ्याएवढी, टणक आणि जड. म्हणून त्याच्याखाली डबा खायला बसू नका हं!

आणि मग गोरखचिंच. आफ्रिकेचं हे झाड वसंतात भेटलं की फसवतं. सगळीकडे पालवी फुटलेली आणि हे बहुधा उघडंबोडकं! पण जाडजूड, मऊ खोडात त्याने पाणी साठवून ठेवलेलं असतं. पावसाची चाहूल लागली की पानं येणार, मग रात्री उमलणारी पांढरी फुलं येणार. मुलांनी हात धरून खोडाला वेढा घातला. किती मुलं लागली ते मी सांगणार नाही. तुम्हीच जाऊन मोजा!

मग कबूल केल्याप्रमाणे पेंग्विनही पाहिले. २०१६ साली इथे आणलेले हे पाहुणे काचेमागच्या गारव्यात मजेत पोहतात. मुलं खूश झाली. बाहेर आलो तर ऊन तापलेलं. एका भल्याथोरल्या झाडाखाली सावली धरून डबे उघडले. वर छत्रीसारखा पसरलेला घेर, त्यात गुलाबी पावडरच्या पफासारखी फुलं, आणि खाली चपट्या काळपट शेंगांचा सडा.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची तीच मुलगी डबा तसाच टाकून उठली. तिने एक शेंग उचलली, मोडली, आतला चिकट गर बोटाने दाबून बघितला आणि माझ्याकडे धावत आली.

"बाई! ही आपल्या कोपऱ्यावरची शेंग आहे. आम्ही हिच्या गराने कागद चिकटवायचो!"

सगळे डबे सोडून गोळा झाले. हो, तीच शेंग. तीच फुलं. जमिनीवर पडलेली तीच लहान लहान पानं. आता पाटी वाचायची परवानगी दिली. सगळ्यांनी एकदम मोठ्याने वाचलं : पर्जन्यवृक्ष.

संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आलं की याची पानं मिटतात. हाही मूळचा अमेरिका खंडातला, पण आपल्या रस्त्यांवर सावली धरून तो केव्हाच आपला झाला आहे. आमचं झाड गेलं ते गेलंच. पण त्याला नाव मिळालं. त्या झाडाखाली बसून मुलं थोडा वेळ काहीच बोलली नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा मी त्यांना राणीबागेचीच एक गोष्ट सांगितली. २००७ च्या सुमारास ही बाग नव्याने बांधण्याचा एक मोठा आराखडा पुढे आला होता. त्यात जुन्या झाडांना धक्का लागेल, अशी भीती अनेकांना वाटली. काही नागरिकांनी मग काय केलं? त्यांनी झाडं मोजली. कोणतं झाड कुठे आहे, कोणत्या जातीचं आहे, याची नोंद केली, लोकांना बागेत आणून ती झाडं दाखवली आणि आपलं म्हणणं सरकारदरबारी मांडत राहिले. अखेर तो आराखडा होता तसा पुढे गेला नाही. 'झाडं वाचवा' एवढंच म्हणून ते थांबले असते, तर कुणी ऐकलं असतं का? त्यांना प्रत्येक झाडाचं नाव सांगता येत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एक जुनं हजेरीपुस्तक घेतलं आणि त्यावर लिहिलं, 'झाडांची हजेरी'. शाळा ते स्टेशन या रस्त्यावरची झाडं आता त्यात आहेत. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात जागा, तिसऱ्यात महिनाभरात दिसलेला बदल : पालवी, फूल, शेंग, पानगळ. नाव माहीत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह. अजून पाच प्रश्नचिन्हं शिल्लक आहेत, आणि त्यांतलं एक माझ्या घरासमोरचंच आहे!

तुम्हीही असं करून बघा. राणीबागेत जायचं असेल तर बुधवार सोडून जा, त्या दिवशी ती बंद असते. मुंबईबाहेर राहत असाल तर तुमच्या गावातली बाग, देवराई, नाहीतर शाळेचं अंगणही चालेल. पडलेलं पान वहीखाली ठेवून वरून खडू फिरवा, त्याच्या शिरा कागदावर उमटतील. आजीआजोबांना झाडांची नावं विचारा, त्यांना तुमच्या बाईंपेक्षा जास्त माहीत असतील. आणि पालकहो, मुलांनी रस्त्यात मध्येच थांबून एखाद्या झाडाकडे बोट दाखवलं तर "चल लवकर" म्हणू नका. दोन मिनिटं तुम्हीही थांबा.

एवढंच लक्षात ठेवा. एखाद्या झाडावर कधी कागद लावलेला दिसला, तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.