पावणेतीनची मगरिब

स्टॉकहोममध्ये डिसेंबर काढायचा म्हणजे थंडीशी झुंजायचे, असे अंबरनाथहून निघताना वाटले होते. पण थंडीचा बंदोबस्त होतो. जाड कोट आणि लोकरीचे मोजे मिळतात, घरेही आतून उबदार असतात. अडते ते उजेडाचे. सूर्य सकाळी पावणेनऊला उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. जोहर पावणेबाराला, शाफई हिशेबाने तासाभरातच असर, मग मगरिब, आणि साडेपाचला इशाची वेळही होते. अम्मी फोनवर विचारते, "मग उरलेल्या रात्रीचं करता काय?" किबल्याची दिशाही बदलली. जन्मभर किबला म्हणजे पश्चिम; इथे तो आग्नेयेला आहे.

आमच्यापैकी एकीचे माहेर बदलापूरचे. तिला बर्फाची शांतता खटकते. उल्हास नदीकाठचा पाऊस पत्र्यावर दणदणत येतो आणि अख्ख्या घराला उठवतो. इथे रात्रभर बर्फ पडतो आणि सकाळी पडदा सारला तरच कळते.

जुम्याला आम्ही सोडरमाल्म भागातल्या मोठ्या मशिदीत जातो. ही इमारत मुळात वीजघर. फर्डिनांड बोबर्ग या वास्तुकाराने ती बांधली, १९०३ साली पूर्ण झाली, आणि २००० साली तिथे मशीद सुरू झाली. गंमत अशी की बोबर्गने वीजघर बांधतानाही मुस्लिम वास्तुकलेचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला होता. लोकलमधून ठाकुर्लीचे पॉवरहाऊस पाहत वाढलेल्या आम्हाला हे फार आवडले.

नाताळच्या चार आठवडे आधीपासून खिडक्याखिडक्यांत विजेच्या मेणबत्त्या लागतात. दुकाने केशराच्या पावांनी आणि आल्याच्या बिस्किटांनी भरतात. मुलांसाठीच्या मऊ मिठायांत बऱ्याचदा डुकराचे जिलेटिन असते, त्यामुळे आमची सात वर्षांची मुलगी पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायला आमच्याआधी शिकली. मटणाचीही वेगळी गोष्ट. जनावर बेशुद्ध न करता कापायला इथे १९३७ च्या कायद्यापासून बंदी आहे, म्हणून कुठले हलाल घ्यायचे यावर मशिदीबाहेर वाद रंगतात.

पण खरा पेच पडला १३ डिसेंबरचा. तो ल्युसियाचा दिवस. पांढरे झगे घातलेली मुले हातात दिवे घेऊन अंधारात गात येतात आणि पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट असतो. ल्युसिया ही ख्रिस्ती संत. सरकारी शाळांतले शिक्षण इथे कायद्यानेच धर्मापासून वेगळे ठेवलेले आहे, आणि बहुतेक लोक ल्युसियाला इबादत नव्हे, रिवाज मानतात. तरी गाणे संताचेच. मुलीला त्या रांगेत जायचे होते. अंबरनाथहून चाचा म्हणाले, "नको." बदलापूरची खाला म्हणाली, "लेकराचं मन मोडू नका." इथल्या मुस्लिम घरांतही कुणी पाठवतात, कुणी त्या दिवशी मूल घरीच ठेवतात.

दोन रात्री आम्ही यावर बोललो, आणि बोलता बोलता उल्हासनगरला पोहोचलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वसलेले ते शहर. नानी तिथे राहायची. शेजारची सिंधी काकी दिवाळीला ताट पाठवायची, ईदला आमच्याकडून शिरखुर्मा जायचा. काकीने नानीला कधी पूजेला बसवले नाही, आणि नानीने ताट कधी परत पाठवले नाही. सिंध सोडून आलेल्या काकीला ही मर्यादा कुणी शिकवली होती, कोण जाणे.

शेवटी आम्ही वर्गशिक्षिकेला भेटलो. मुलगी कार्यक्रमाला येईल, रांगेत चालणार नाही, एवढेच सांगितले. त्यांनी सहज मान्य केले. मुलीने आणि तिच्या सोमाली मैत्रिणीने पालकांना केशरी पाव वाटले. घरी येऊन ती रडली. पुढच्या वर्षी ती पुन्हा विचारेल, आणि तेव्हा ती आठ वर्षांची असेल. उत्तर आणखी नीट द्यावे लागेल.

त्या रात्री तिला झोपवताना हजरत मरियम (अ.) यांची हकीकत सांगितली. कुरआनात त्यांच्या नावाची सूरहच आहे, हे ऐकून ती उठून बसली. प्रसूतीच्या कळा, खजुराचे झाड, खाली पडणारे ताजे खजूर, हे सगळे तिने दोनदा सांगायला लावले.

इथे नाताळ २४ तारखेलाच साजरा होतो. खालच्या मजल्यावरच्या आजी एकट्याच राहतात. त्या दिवशी दुपारी अडीचला त्या भाताची खीर घेऊन आल्या. दूध, तांदूळ, वर दालचिनी, साखर जेमतेम. सोबत खजुराचा डबा होता, कारण खजूर हा इथल्या नाताळचा जुना खाऊ. घरात एकीचा कजा रोजा चालू होता. हिवाळ्यात तो पावणेनऊ तासांतच आटोपतो, म्हणून राहिलेले रोजे आम्ही याच महिन्यात धरतो. आजींना सांगितले तर त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि कोट काढून बसल्याच. तेवढ्या वेळात मुलीने त्यांना खजुराच्या झाडाची हकीकत सांगितली. त्यांना गोठा आणि गव्हाण ठाऊक होती, झाड ठाऊक नव्हते. "आणि बर्फ?" त्यांनी विचारले. मुलगी म्हणाली, "बर्फ नव्हताच."

पावणेतीन वाजून पाच मिनिटांनी त्यांच्याच डब्यातल्या खजुराने रोजा सुटला. तीनला टीव्हीवर डोनाल्ड डक लागतो, सगळा देश तो दरवर्षी बघतो. तेवढ्यासाठी आजी घाईने खाली गेल्या.