मावशीच्या पंचाहत्तरीचं कार्ड
आज दुपारभर शेवंतीचे रबरी शिक्के घेऊन बसले. पुढचं फूल आधी उमटवायचं, त्याच आकाराचा कागद कापून त्यावर झाकायचा, मग मागची पानं. कागद उचलला की पानं फुलाआड गेलेली दिसतात. शाई लावलेला शिक्का आधी रद्दीवर टेकवून मग कार्डावर उमटवला की फिकट, दूरचं फूल मिळतं. एकाच पॅडमधून दोन छटा! मला हेच सर्वांत आवडतं. पिगमेंट शाई सावकाश वाळते, म्हणून ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरली, हीट गननं तापवली. पावडर वितळून रेषा उठावदार झाल्या. मावशीची नजर आता अधू झालीय. पाकळ्या तिच्या बोटांना तरी कळतील. आतला मजकूर ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे.