पाऊणकी आणि सायकल

कोकणचा किनारा सायकलीने करायचा म्हटले की आधी पंचांग उघडावे लागते. मुहूर्त बघायला नव्हे, भरती बघायला. आमच्याकडच्या कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून तीनला भरती. अष्टमीला सहाला. पुनवेला नि अवसेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. जी वेळ दिवसाची तीच रात्रीची, आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. थोडे मागेपुढे होते, पण समुद्राकडून याहून अधिक नेमकेपणाची अपेक्षा धरू नये. हल्ली फोनवर मिनिटासकट वेळ कळते हे मला ठाऊक आहे. परंतु पावकी, निमकी, पाऊणकी शाळेतून कधीच गेल्या. मी मात्र शाळेत आहे. तेव्हा त्यांच्यातल्या एकीला तरी वर्षातून चार दिवस कामाला लावावे, असे मला वाटते.

हा खटाटोप अशासाठी की भरतीला पुळणीवर सायकल चालत नाही. कोरड्या वाळूत चाक रुतते आणि माणूस हसू येईल अशा रीतीने आडवा होतो. ओहोटी लागली की मागे जी ओली वाळू राहते, ती मात्र सारवलेल्या अंगणासारखी घट्ट असते. दिवाळीची अवस म्हणजे मोठ्या उधाणाचे दिवस. पाणी जितके वर चढते तितके खाली उतरते, पुळण रुंद होते, आणि सकाळच्या उन्हाच्या वेळीच ओहोटी सापडते. दिवाळीची सुटी ठरवणाऱ्यांनी सायकलवाल्यांचा विचार केला नसावा. पण इतकी सोयीची सुटी विचार करूनही देता आली नसती.

भाऊबीज आटोपली की दुसऱ्या पहाटे मी निघतो. दर वर्षी घरात तोच संवाद होतो. "अहो, या वयात?" असे सौभाग्यवती विचारतात. यंदा मी पुराव्यानिशी तयार होतो. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परत आले. वाळवंटे ओलांडली, जंगले तुडवली. मी आपला श्रीवर्धनपर्यंत जाऊन येणार! त्यावर उत्तर आले, "त्यांना सहामाहीचे पेपर तपासायचे नव्हते." मी पिशवीत चिवड्याचा पुडा टाकला आणि वाद तेथेच थांबवला.

माझी सायकल जुन्या घडणीची आहे. गिअर नाहीत, वजन भरपूर. उतारावर ती आनंदाने धावते आणि चढावर मला तिला हाताला धरून न्यावे लागते. आणि कोकणचा किनारा म्हणजे चढउतारच. नकाशावर तो एक सरळ रेघ दिसतो. प्रत्यक्षात पुळण संपली की जांभ्या दगडाची चढण, वर उघडा सडा, पलीकडे उतरण, उताराच्या पायथ्याशी नारळी-पोफळीची गर्दी, गडग्यांमधून वाकडीतिकडी वाट आणि पुन्हा पुळण. दिवसाचा तिसरा हिस्सा तरी मी पायीच असतो. मोटारीतून जाणाऱ्याला वाटेत सात गावे लागली हे पाटीवरून कळते. मला ते पोटऱ्यांवरून कळते.

पहिला मुक्काम मुरूड-जंजिऱ्याला. त्याच्या अलीकडे फणसाडचे रान आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे राखीव जंगल. संस्थान १९४८ साली विलीन झाले, आणि १९८६ साली या रानाचे अभयारण्य झाले. नाक्यावर वनरक्षकाने सायकल ठेवून घेतली, वहीत नाव लिहवून घेतले आणि आत सोडले. ऐन, किंजळ, जांभूळ यांची दाटी, आणि त्यांवरून हत्तीच्या सोंडेएवढ्या जाड गारंबीच्या वेली लोंबत गेलेल्या. गारंबीची शेंग हातभर लांबीची, कधी त्याहून मोठी. ती प्रथम पाहणारा माणूस 'शेंग' हा शब्द पुन्हा तपासून पाहतो. पाणवठ्यांना इकडे गाण म्हणतात. एका गाणीपाशी तासभर बसलो तेव्हा डोक्यावर खटखट असा आवाज झाला, आणि तांबूस पाठीचे, पिवळसर पोटाचे एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर सरळ उडी घेऊन गेले. आपल्या राज्याचा हा राज्यप्राणी. त्याला पाहायला मान इतकी मागे न्यावी लागली की टोपी पडली.

चतुर्थीच्या दिवशी आगरदांड्याची पहिली फेरीबोट धरली, पलीकडे दिघीला उतरलो आणि नऊच्या सुमारास दिवेआगरला पोचलो. पाऊणकी खरी ठरली. पाणी पार खाली गेले होते. पुढचे काही मैल मी जसा गेलो तसे जावे म्हणून वर्षभर वाट पाहावी. डावीकडे सुरूचे बन, उजवीकडे पाणी, मध्ये ओल्या वाळूत माझ्या चाकांची एकच रेघ, आणि पुढे खेकड्यांची पळापळ.

पण ते सुरूचे बन आता सलग नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. एका दुपारीत सुरू आडवे झाले, आणि त्यामागच्या वाड्यांतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. ज्यांच्याकडे मी त्या रात्री उतरलो, त्या आजींनी मला मागचे दार उघडून आगर दाखवले. जुन्या पोफळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. मध्ये माणसाच्या उंचीहून थोडी मोठी नवी रोपे रांगेने लावली होती. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्यापुढे ती भरात यायची. "ही मी लावली," आजी म्हणाल्या, "सुपाऱ्या सून मोजील." आणि मला गरम पाणी काढायला गेल्या. खारे पाणी सायकलच्या साखळीला लागले की दोन दिवसांत ती गंजते, म्हणून रात्री गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यावे लागते. त्यांनी खोबरेलाची वाटी आणून दिली आणि साखळीला किती जाते ते बघत उभ्या राहिल्या.

आता खाड्यांविषयी. कोकणचा किनारा सलग नाही याचे खरे कारण खाड्या. सह्याद्रीवरून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना किनारा कापते. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, रेवसपासून रेडीपर्यंत सागरी रस्त्याची कल्पना पुढे आली. रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला, काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर अजून व्हायचे आहेत. जिथे पूल नाही तिथे पूर्वी तर असे. २००३ साली दाभोळ-धोपावे मार्गावर मोटारी वाहणारी फेरीबोट सुरू झाली आणि मग इतरत्रही आल्या. सायकलवाल्याला ही मोठी चैन आहे. धक्क्यावर बसावे, चहा घ्यावा, मासळीच्या पाट्या, कोंबड्या, नवरीकडची मंडळी असे सारे बघावे, आणि बोट आली की सायकल कठड्याला टेकवून उभे राहावे. या खाड्यांवर पूल होऊ नयेत, असे मी मित्रांत अनेकदा बोललो आहे.

पंचमीच्या संध्याकाळी हरिहरेश्वर करून मी बागमांडल्याच्या धक्क्यावर आलो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेसवी. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी इथे इतकी रुंद होते की पलीकडचा माणूस दिसतो, पण कोण ते ओळखू येत नाही. धक्क्यावर एक पस्तिशीची बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. जवळ लाडवांचा डबा. भाऊ मासेमारीच्या बोटीवर, तो त्याच दिवशी सकाळी परतला होता, म्हणून तिची भाऊबीज पांडवपंचमीला.

"बरं आहे, बोट आहे म्हणून," मी म्हणालो. "पूल झाला की ही गंमत जाईल."

ती हसली नाही. "गुरुजी, आमचं घर तिथं वर आहे. पडवीतून माहेरची आळी दिसते. माझे वडील गेले त्या रात्री अकरा वाजता भावाचा फोन आला, आजारी आहेत म्हणून. बोट बंद झालेली. आंबेतच्या पुलावरून वळसा घालायचा, तर गाडी कोणाची मिळेना. मी पडवीत बसून राहिले. पलीकडं दिवे लागले. एक घर, दोन घरं, मग सगळी आळी. इतके दिवे लागल्यावर फोन करायची गरज नव्हती."

मुलगी डब्याच्या झाकणाशी चाळा करीत होती. बाईने तिचा हात बाजूला केला.

मी कादंबऱ्या लिहितो. हा प्रसंग माझ्या हाती आला असता, तर मी तिला अंधारात एखादी होडी सोडायला लावली असती, वर थोडे वादळही घातले असते. ती पडवीत बसून राहिली आणि पहाटेच्या पहिल्या बोटीने गेली.

पूल व्हावा. लवकर व्हावा. धक्क्यावरचा चहा आम्हांला दुसरीकडे मिळेल. मी तिला तसे सांगितले, तर ती म्हणाली, "होईल हो. इतकी वर्षं ऐकतोय."

बोट लागली. चढताना गर्दी झाली तेव्हा तिने लाडवांचा डबा माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर ठेवला आणि मुलीला माझ्या सीटवर बसवले. खाडीच्या मध्यावर वारा सुटला. मुलगी घंटी वाजवीत राहिली. कोणी तिला थांबवले नाही. पलीकडे धक्क्यावर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता, अंगात नवा सदरा, हातावर जाळ्याचे वळ. त्याने मुलीला उचलून घेतले, डबा घेतला, आणि माझ्या वाहनाकडे नीट पाहून विचारले, "बाणकोटपर्यंत यावरनंच?"

"यावरनंच," मी म्हणालो.

"पुढं वेळासला जाताना चढ आहे मोठा."

सायकलीला डायनामो आहे. वेगात असलो की दिवा लख्ख पेटतो, आणि चढावर, जिथे उजेडाची खरी गरज, तिथे विझतो. बाणकोटपर्यंत खाडीच्या काठाने तो चांगला चालला. पुढे चढण लागली तेव्हा मी उतरलो आणि अंधारात सायकल ढकलू लागलो. थोडे वर गेल्यावर दम खायला थांबलो. खाडीच्या पलीकडे बागमांडल्याच्या बाजूला आठ-दहा दिवे दिसत होते. त्यांतला तिच्या पडवीचा कोणता, हे मात्र मी विचारून घेतले नव्हते.